शेंदराची रेघ

१३ एप्रिल, रविवार

आठ नंबर, बरा आहेस ना. दहा, तू सगळ्यात खोडकर, पण आज जागेवर आहेस म्हणजे तब्येत ठीक. बारा, तेरा, झोप झाली का. चौदा, तुझ्या कडा झिजल्यात, दुखतं का फार? सतरा, तुला काल काम जास्त पडलं, आज बसून राहा. एकोणीस, बावीस, चोवीस, तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला काय होणार. रॅचेटबाबा, खोकला कसा आहे. मोठी पक्कड, लहान पक्कड, दोघी बहिणींचं पटतंय ना.

गॅरेज उघडलं की मी पोतं अंथरतो, पेटीतली सगळी हत्यारं त्यावर मांडतो आणि अशी एकेकाची विचारपूस करतो. कडूबा समोरच्या चहाच्या टपरीवरून ओरडतो, "जानराव, गोट्यायले पोरं समजते का बे?" समजू दे. तरुणपणी दहाची गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारी पान्याची लोखंडी वाटी, एका ट्रॅक्टरच्या इंजिनावर विसरलो. ती पंख्यात गेली, रेडिएटर फाटला. तेव्हापासून कोण घरी आहे नि कोण नाही ते मी सकाळीच विचारतो.

ही वही सुचितानं दिली. मेहकरला शाळेत शिकवते, तिला सगळं लिहिलेलं लागतं. म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणापाशी शिकला नाहीत, स्वतः उघडून पाहून शिकलात. ते लिहून ठेवा." सातवी शिकलेला माणूस मी, अक्षर वाकडं आहे, पण लिहितो. वही पेटीच्या तळाशी, वरच्या कप्प्याखाली ठेवतो. पेटीला हात लावणारे आम्ही दोघंच. मी, आणि संध्याकाळी घासलेटच्या फडक्यानं हत्यारं पुसणारी माझी बायको कौशल्या. चाळीस वर्षं पुसते आहे. ती वाचेल अशी भीती नाही, तिच्या चष्म्याची दांडी दिवाळीपासून मोडलेली आहे.

तर पहिली गोष्ट लिहून ठेवतो. माझ्या गोट्या म्हाताऱ्या झाल्या. या महिन्यात तीन बोल्टांची डोकी गोल झाली. गोटी नीट बसली असं वाटतं, जोर लावतो, नि घसरते. नवा सेट घ्यावा लागेल.

१६ एप्रिल, बुधवार

बुलढाण्याला जाऊन आलो. ज्ञानेश्वरचं हत्यारांचं दुकान आहे, त्याच्या बापापासून ओळख. त्यानं काचेवर दोन गोट्या ठेवल्या. एकीला आत बारा कोन, दुसरीला सहा.

"काका, बाराची कशीबी बसते, अडचणीत बरी पडते. पण जुन्या, गंजल्या बोल्टाले सहाचीच घ्या. ती डोक्याले सगळीकून धरते, घसरत नाही."

मी सहाचीच घेतली. घसरण्याचाच तर त्रास आहे.

मग रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा. एक बहात्तर दात्यांचं होतं, जरासं हलवलं तरी पुढचा दाता पकडतं, चिंचोळ्या जागेत हात फिरायला जागा नसली तरी काम होतं. मी हातात धरून फिरवलं. काहीच लागेना.

"ज्ञानेश्वर, हे नुसतंच फिरून राह्यलं."

"नाही काका, दाते लागून राह्यले ना. आवाज आयका. हाताले समजत नाही का?"

म्हटलं, फार बारीक काम आहे, असलं नको. जुन्या पद्धतीचं, मोठ्या दात्यांचं, कटकट आवाज करणारं घेतलं. आजकाल सगळं गुळगुळीत करतात आणि मग हाताला बातमी पोचत नाही.

तो टॉर्क पानाही दाखवत होता. लांब दांडा, त्यावर आकडे. पाहिजे तेवढा आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की पाना टक् म्हणतो. मी म्हटलं, "हे शिकाऊ पोरांसाठी. माझं मनगट काय आहे मग?" तो हसला. त्याच्या पोरानं चहा आणला. ज्ञानेश्वर म्हणाला, "काका, ग्लास दोन मिनिटं धरून बसले, भाजत नाही का?" म्हटलं, मेकॅनिकचे हात आहेत, भाजायचे दिवस गेले.

टोकदार आकड्यांचा एक संचही घेतला. ऑइल सील, रबरी कडी उकरून काढायला. सरळ, वाकडी, अर्धी वाकडी आणि हुकासारखी अशा चार.

१८ एप्रिल, शुक्रवार

आकड्या फारच सुरेख निघाल्या. एका पंपाचं सील काढत होतो. सील निघालं, पाहतो तर त्याला रक्त. म्हटलं हे कुठून आलं. वाकडी आकडी माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकात शिरून बाजूनं निघाली होती. इतकी बारीक नि धारदार की लागलेलं कळतही नाही. पूर्वीच्या आकडीनं माणूस टुणकन उडी मारायचा.

दुपारी आणखी एक गंमत. बाजारातून आलो, कडूबा माझी डावी चप्पल हातात घेऊन मागून आला. "अबे, चप्पल टाकून चालला, पाय भाजत नाही का तुहा?" एप्रिलचा डांबरी रस्ता. खरंच भाजत नव्हता.

१९ एप्रिल, शनिवार

आज घरी चहा कपात मिळाला. दांडीचा कप, पाहुण्यांचा. म्हटलं ग्लास कुठं गेले. कौशल्या म्हणाली, "कपानं काय तोंड वाकडं होते का?" नंतर पाय धुवायला बसलो तर खाली बसून माझे तळवे पाहत होती. डाव्या टाचेला फोड आहे म्हणाली. असेल.

चष्म्याला दांडी लावून आणली तिनं. सहा महिने पडून होता, आजच कशी आठवण झाली कोण जाणे. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर तिला वाचायला असतंच काय.

२३ एप्रिल, बुधवार

अविनाशची जीप आली. आमच्या आळीतलाच पोरगा, धाड ते बुलढाणा प्रवासी वाहतो. पुढचे ब्रेक. घासलेले पॅड बदलले, दोन्ही चाकांचे कॅलिपर खोलून साफ केले, परत बसवले. कॅलिपर म्हणजे चाकाला दोन्हीकडून चिमटीत धरणारा भाग. तो दर चाकाला दोन बोल्टांवर टांगलेला असतो. ते बोल्ट गेले की ब्रेक गेला.

ज्या बोल्टाची मी हमी घेतो त्यावर शेवटी शेंदूर-तेलाची एक रेघ ओढतो. अर्धी बोल्टाच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. रेघ सरळ आहे तोवर बोल्ट हललेला नाही. बोल्ट फिरला की रेघ तुटून दोन तुकडे दिसतात. ही माझीच काढलेली पद्धत. इकडचे ड्रायव्हर रेघ पाहूनच गाडी नेतात. आजवर माझी रेघ तुटलेली कोणी पाहिली नाही.

अविनाश म्हणाला, "काका, तीस तारखेले कडूबा आबाच्या नातीचं, पुष्पांजलीचं लगन आहे मलकापूरले. नवरीची गाडी माहीच. राजूरचा घाट उतरा लागते, म्हणून म्हटलं ब्रेक तुमच्याच हातचा पाहिजे."

चार बोल्ट, चार रेघा.

२६ एप्रिल, शनिवार

हे लिहावं की नाही. लिहितो. कोणी वाचणार तर नाही.

अविनाश आज पुढचं डावं चाक पंक्चर म्हणून आला. चाक काढलं. वरच्या बोल्टाची रेघ तुटली होती. चांगली बोटभर सरकली होती. तीन दिवसांत.

अविनाश कडूबाकडे चहा घेत होता. मी फडक्यानं शेंदूर पुसला, रॅचेटच्या दांड्यात पाइप घातला, लटकून जोर दिला आणि नवी रेघ ओढली. खालच्यालाही दिला. उजवं चाक खोलायचं होतं, पण तो घाईत होता, आणि उजवं का खोलता म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होतो. गेला.

वॉशर खराब असेल असं मनाला सांगतोय. वॉशर नवे होते.

पूर्वी बोल्ट आवळताना शेवटी एक क्षण यायचा. आधी तो फिरतो, मग धरतो, मग मनगटात काहीतरी बसल्यासारखं होतं. तिथं थांबायचं. तो क्षण मला कोणी शिकवला नाही, मीच शोधला. विचार करतोय की तो शेवटचा कधी भेटला होता.

२८ एप्रिल, सोमवार

तालुक्याला आरोग्य केंद्रात काम आहे म्हणून कौशल्या सकाळीच एसटीनं बुलढाण्याला गेली. जुन्या बाईंना भेटायचंय म्हणाली. चारच्या गाडीनं परतली, हातात लांबट पिशवी. म्हटलं काय आणलं वं. "लाटणं," म्हणाली. एवढं लांब लाटणं कोणाच्या घरी असतं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कारण दुपारी शंकररावाच्या ट्रॉलीच्या चाकाचा बोल्ट आवळत होतो. परवाची भीती मनात, म्हणून थोडा जास्त जोर दिला. डोकं तुटून गोटीसकट हातात आलं. चांगला जाड बोल्ट. शंकरराव म्हणाले, "जानराव, अजून ताकद आहे गड्या." मी हसलो.

पण हाच जोर मी अविनाशच्या डाव्या चाकाला दिला. पाइप लावून. तो बोल्ट तुटला नाही एवढंच. आतून ताणला असेल तर बाहेरून दिसत नाही. म्हणजे डावीकडचे जास्त आवळले असतील, उजवीकडचे कमी, आणि मला सांगता येत नाही कोणता कसा. गोट्या नव्या आहेत. रॅचेट नवं आहे. आता कोणावर ढकलू.

२९ एप्रिल, मंगळवार

दोनदा अविनाशच्या घरी गेलो. गाडी चिखलीला भाड्यावर. त्याची आई म्हणाली, "सांजच्याले येईन. काही सांगू का?" म्हटलं, काही नाही, सहज आलो.

सहज. सदुसष्ट वर्षांचा माणूस दुपारच्या उन्हात दोनदा सहज जातो.

तिला सांगता आलं असतं. पण उद्या बाजारभर होईल की जानरावची रेघ तुटली. मग या रस्त्यावरच्या किती गाड्या माझ्या हातच्या आहेत ते लोक मोजतील. मीही मोजायला लागलोय आणि मध्येच सोडून देतोय.

जेवताना कौशल्या म्हणाली, "मी बी जाते उद्या लग्नाले. नवरीच्याच गाडीत बसते, पुढं."

"काऊन? तू तर जाणार नव्हती."

"आता जाते. तुमीच बांधली ना गाडी? मंग भेव कायचं?"

माझ्याकडे पाहत होती. चष्मा घालून. "हाव," म्हटलं. एवढंच म्हटलं.

३० एप्रिल, बुधवार

संध्याकाळ. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी सातला कडूबाच्या दारात जीप उभी. झेंडूच्या माळा लावलेल्या, मागं नवरी आणि पोरीबाळी दाटीवाटीनं. कौशल्या पुढच्या सीटवर, लांबट पिशवी मांडीवर. मी रस्त्याच्या कडेला उभा. वाटलं, चिठ्ठी द्यावी. वाटलं, चक्कर आल्यासारखं पडावं म्हणजे गाडी थांबेल. अविनाशनं चावी फिरवली. इंजिन चालू झालं. कौशल्या माझ्याकडे पाहत होती.

मी बॉनेटवर हात ठेवला. "अविनाश, गाडी बंद कर."

"काका, मुहूर्त साडेबाराचा आहे."

"बंद कर म्हणतो ना. ब्रेकचे बोल्ट नीट नाहीत."

कडूबा पुढं आला. "अबे, रेघ हाये ना तुही?"

"रेघ आहे. बोल्ट माहीत नाही." तेवढ्यानं भागेना, आणखी बोलावं लागलं. "एक रेघ शनिवारी तुटलेली होती. मी पुसून नवी काढली. कोणाले सांगितलं नाही. मले हाताले समजत नाही आता, कडूबा. किती आवळलं ते समजत नाही."

कोणीतरी बाई म्हणाली, "आता सांगते होय म्हातारा." खरं होतं ते. कडूबानं माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कौशल्या उतरली. पिशवी उघडली. आतून टॉर्क पाना काढला, ज्ञानेश्वरच्या दुकानातला, आणि एक चिठ्ठी.

"या जीपच्या बोल्टाले किती पाहिजे तो आकडा त्यानं लिहून देला. जॅक लावा. नवरीले सावलीत बसवा."

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, "मंग पाहाजा माह्याकडं, आदी चाक काढा."

लग्नाचे कपडे घातलेल्या अविनाशनं चाकं काढली. आकडा कौशल्यानं लावला. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली, काटा वाचायला तिला सांगावं लागत नाही. मी ओढलं.

उजवं चाक. रेघ तिथंही तुटलेली. वरचा बोल्ट दीड फेरा फिरला, मग पाना टक् म्हणाला. दीड फेरा. तो घाटात किती वळणं टिकला असता, मी हिशेब केला नाही. खालचा लगेच टक् म्हणाला.

डावं चाक. वरचा ठीक. खालच्याला पाना लावला, बोल्ट फिरायला लागला. फिरतोय, मऊ लागतोय असं अविनाश म्हणाला, तोही दांड्याला धरून होता. टक् म्हणायचं नाव नाही. आणि मग बोल्टाचं डोकं गोटीत घेऊन पाना माझ्या हातात आला.

मागं नवरीची बांगडी वाजली तेवढा आवाज.

उरलेला तुकडा काढायला वेळ लागला. हुकाच्या आकडीनं आधी आट्यांतली घाण उकरायची होती, ते माझ्यानं होईना, अविनाशनं केलं. मी नुसतं सांगत होतो, डावीकडं, आता आत, आता उचल. नवा बोल्ट पेटीत होता. पाना टक् म्हणाला तो मला कानानं स्वच्छ ऐकू आला. नवी रेघ ओढायला अविनाशनं शेंदराची डबी पुढं केली. मी म्हटलं, तू ओढ.

सव्वानऊला गाडी निघाली. कौशल्या परत पुढच्याच सीटवर बसली. कडूबा जाताना म्हणाला, "सांगितलं तरी." त्यात राग किती नि काय किती, मला ओळखता आलं नाही.

पावणेबाराला तिचा फोन आला. "पोचलो. लगन लागाचं हाये. जेवून घ्या. आन पायात चप्पल हाये का पाहा."

१ मे, गुरुवार

आज कोणी गाडी आणली नाही. कडूबानं टपरी उघडली नाही, पाहुणे असतील. मी पोतं अंथरलं, पण विचारपूस करवेना. वही काढली आणि मागची पानं उघडली.

अठरा तारखेच्या पानावर, बोटात आकडी शिरली तिथं, कडेला तेलकट अंगठा. वास घेतला. घासलेट. सव्वीसच्या पानावर तर दोन अंगठे, आणि एक थेंब पडून वाळल्यासारखा डाग. कप. चष्मा. तळवे. लाटणं. सगळं एका रांगेत बसलं. इंजिन कसं चालतं ते मी आवाजावरून सांगतो आणि घरात काय चाललंय ते मला पंधरा दिवस कळलं नाही.

३ मे, शनिवार

काल सरकारी दवाखान्यात नेलं. साखर पुष्कळ निघाली, किती वर्षांची आहे देव जाणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेनं नसा मेल्या की हातपाय सुन्न होतात. गेलेलं बहुतेक परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. गोळ्या दिल्या. पाय रोज पाहायला सांगितले.

आज सकाळी हत्यारं मांडली. कौशल्या शेजारी येऊन बसली. माझा उजवा हात ओढून पोत्यावर, गोट्यांच्या रांगेत ठेवला. आकडी उलटी धरली, तिच्या मुठीचं बोथट टोक अंगठ्याला लावलं.

"डोळे मिटा. हा कसा हाये?"

"बरा आहे."

"हा?"

"काही नाही."

"हा?"

"नाही."

"हा?"

"थोडं. कोणीतरी लांबून हाक मारल्यासारखं."

करंगळी बरी निघाली. मग डावा हात. दहा जणांत चार बरे. मी खोटं बोललो नाही. आता जमणारही नाही.

अविनाश दुपारी आला. माझ्या हातून गेलेल्या मागच्या दोन महिन्यांतल्या गाड्यांची यादी करू म्हणाला, एकेक बोलावून पाना लावू. नऊ निघाल्या. त्यानं फोन केले, मी प्रत्येकाशी स्वतः बोललो. शंकरराव चिडले. बाकीच्यांनी येतो म्हटलं. येतील तितके.

आता कौशल्या, हे तुझ्यासाठी.

तू वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून आजपासून वही कप्प्याखाली नाही, वरच ठेवतो. एक गोष्ट तोंडानं विचारायची माझी छाती होत नाही. त्या दिवशी मी बॉनेटवर हात ठेवला नसता, गाडी निघाली असती, तर तू काय केलं असतं? पिशवी उघडून सगळ्यांसमोर माझं नाव सांगितलं असतं, की गुपचूप त्या सीटवर बसून घाट उतरली असतीस? सत्तावीसलाच तू मला धरून विचारायचं होतं. विचारलं नाहीस. मी बोलेन याची वाट पाहत होतीस, हे कळतं. पण किती वेळ पाहणार होतीस ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

याच्या खालचं अर्धं पान कोरं ठेवलंय. पेन पक्कडीपाशी आहे. आज हत्यारं पुसून झाली की लिही. चार ओळी लिही, रागाच्या असल्या तरी चालतील, पण लवकर लिही. मी सकाळी सातला पेटी उघडतो.